रजेच्या अर्जातलं कारण

डेपोत कंडक्टरबाईंना सगळे 'नियमबाई' म्हणत. खुद्द डेपो मॅनेजरच्या मेहुण्यालाही त्यांनी तिकीट काढायला लावलं होतं.

अठरा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्या दाढेत पू झाला. जंतू मारायच्या गोळ्यांनी दाढ बरी झाली, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसाला पंधरा वेळा जुलाब. औषध घेतलं की थांबायचे, औषध संपलं की पुन्हा सुरू. चालत्या बसमधून मध्येच उतरायचं कसं? बाईंनी रजा टाकली. चार महिन्यांत अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसू लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी आतड्यातले कामाचे जंतूही मेले आणि त्यांच्या जागी एक चिवट जंतू ठाण मांडून बसलाय. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून तुमच्या आतड्यात सोडू. त्यातले चांगले जंतू रुजले, की याला हुसकावतील."

नवऱ्यानं तोंड कडू केलं. "लोक काय म्हणतील?"

"त्या लोकांना एक दिवस माझ्यासारखं संडासात बसवा, मग विचारू."

नवऱ्यानं नुकत्याच तसल्याच गोळ्या घेतल्या होत्या, म्हणून विष्ठा द्यायला तो बाद झाला. धाकटा दीर फरशा बसवायचा. दगडही पचवेल असा गडी. रक्तापासून विष्ठेपर्यंत साऱ्या तपासण्यांत तो पास झाला.

"वहिनी, जन्मात पहिल्यांदा परीक्षेत पहिला आलो."

"भाऊजी, पेपर तेवढा वेळेवर द्या."

नळीतून उपचार झाले. आठवड्याभरात जुलाब थांबले. तीन आठवड्यांनी बाई डेपोत हजर झाल्या. घेतलेली रजा मंजूर करून घ्यायच्या अर्जात कारण लिहिलं होतं: 'दिराच्या विष्ठेतले जंतू माझ्या आतड्यात सोडून उपचार केले.'

क्लार्क कानकोंडा झाला. "पोटाचं ऑपरेशन लिहा ना."

"झालंच नाही, तर लिहू कशी?"

मॅनेजरनी ती ओळ खोडून अर्ज परत पाठवला. बाईंनी कोऱ्या कागदावर तीच ओळ पुन्हा लिहिली. तो अर्जही परत आला. तिसरा कागद घेऊन त्या थेट केबिनमध्ये शिरल्या.

"बाई, हे कायमचं रेकॉर्डला राहील."

"राहू दे. मी चोरी केली असती, तर लाजले असते. आजारी होते, बरी झाले. खोटं लिहायचंच असेल तर तुम्ही लिहा आणि खाली तुमची सही करा."

साहेबांनी पेन उघडलं. शेवटी अर्ज होता तसा मंजूर झाला. कॅन्टीनमध्ये दोघे-तिघे बाईंच्या टेबलावरून आपले कप उचलून दुसरीकडे जाऊन बसले. बाई तिथंच बसून सावकाश चहा प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमधला मेकॅनिक बसच्या दाराशी घुटमळला. त्याच्या आईलाही तोच आजार होता. त्यानं दबक्या आवाजात दवाखाना विचारला. बाईंनी पत्ता सांगितला, डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं.

"बाई, जरा हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांच्याही घरी आई असेल," बाई म्हणाल्या, आणि पत्ता पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.