स्वेच्छेने दिलेला राजीनामा

"कालवणातही बघा. हे लोक कुठेही लपवतात."

प्लांट हेड साहेब असं म्हणाले, आणि सिक्युरिटीच्या बाईने टेबलावरची फूटपट्टी उचलून भानूकाकीच्या डब्यात घातली. सुकटीचं कालवण होतं. दोनदा ढवळलं. पट्टी पुसली ती काकीच्याच पदराला.

मी तिथेच उभी होते. हातात फाइल.

पनवेलजवळच्या त्या औषधांच्या कंपनीत मी एम्प्लॉयी रिलेशन्स मॅनेजर. कामगारांचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते वरपर्यंत न्यायचं, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं. त्या दिवशी पॅकिंगमधून गोळ्यांच्या दोन पेट्या कमी भरल्या. म्हणून ठेक्यावरच्या अकरा बायकांची झडती. पर्मनंटवाल्यांची नाही. साहेबांच्या गाड्यांची तर नाहीच. बायकांची झडती, तर एक बाई अधिकारी हजर हवी. ती मी. केबिनचं दार अर्धं उघडं, बाहेर पुरुष गार्ड, आणि आत एकेकीला साडी सोडायला लावली.

भानूकाकी आमच्या गावची, आपट्याकडची. आई कामावर गेली की मी हिच्याच घरी जेवायचे. साडी सोडताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये पाहिलं. ओळखच नसल्यासारखं.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. "तपासणी सन्मानपूर्वक पार पडली. कोणीही हरकत घेतली नाही." खाली माझी सही.

दोन दिवसांनी पेट्या गोडाऊनमध्येच सापडल्या. मोजताना चूक झाली होती. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. बोलली ती भानूकाकी. शिफ्ट सुटताना साहेबांच्या वाटेत उभी राहिली.

"पेट्या गावल्या ना? मंग आमची माफी कोन मागनार? कागदावर पायजे."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ठेकेदाराच्या नावे टाइप केलेला भानूकाकीचा राजीनामा पुढे सरकवला.

"तू त्यांच्यातलीच ना? तुझ्या त्या हाय-नाय भाषेत गुंडाळ तिला."

मला राग आला का? नाही, खरं सांगते. मला भीती वाटली. एवढी वर्षं ती बोली मी ऑफिसच्या दाराबाहेर ठेवली होती, आणि यांना ती माहीत होती.

रविवारी गावी गेले. काकीने मला खाटेवर बसवलं, चहा टाकला. केबिनचा विषय काढला नाही. मीच काढला. तिच्याच बोलीत.

"काकी, सही कर. झडतीची चौकशी मिटंल. तुला तरास नाय होनार."

तिने चष्मा शोधला. सापडेना.

"तू वाचलंस ना, बाय?"

"हां."

"मंग झालं."

तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि चहा संपवला. चहासुद्धा संपवला मी.

सोमवारी गार्डने तिला गेटवर अडवलं. तिने आरडाओरडा केला नाही. मी वरच्या खिडकीतून बघत होते.

त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या लोकांना हाताळायला त्यांच्यातलंच कोणीतरी ठेवावं लागतं. नाहीतर हिला कशाला घेतली असती?" सगळे हसले. मीही हसले. माझी डिग्री, माझी बारा वर्षं, सगळं त्या हसण्यात गेलं. आणि माझ्याबरोबर भानूकाकीचंही हसं झालं, ती तिथे नसताना. माझा अपमान मला कळला; तिचा मी स्वतःच्या हाताने केला होता, आणि तो मात्र कळायला मला आधी माझा व्हावा लागला. ही लाज जात नाही.

काकीने आणि बाकीच्या बायकांनी पनवेलच्या कामगार कार्यालयात तक्रार केली. तारखेला कंपनीच्या वकिलाने माझं निवेदन तयारच आणलं होतं. सही तेवढी करायची. समोरच्या बाकावर काकी, शेजारी त्या दहाजणी.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, राजीनामा कामगाराने स्वतःच्या मर्जीने दिला?"

वकिलाने पेन उघडून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही.

"नाही. तिला काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. मी फसवून सही घेतली. आणि झडतीचा माझा रिपोर्ट खोटा आहे."

वकील म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. लिहून घ्या."

दुपारीच साहेबांचा फोन. "शेवटी जात दाखवलीस." मी म्हणाले, "हो. तुम्हीही." निलंबनाचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

त्या दिवशी निवेदन दिल्यावर कार्यालयाबाहेर मी काकीच्या पाया पडायला वाकले होते. तिने पाय मागे घेतले.

"खरं बोललीस ते बरं केलंस. पन माज्याशी आपल्या बोलीत बोलू नको आता."

ती बायकांबरोबर निघून गेली. केस अजून चालू आहे. काकी अजून कामावर नाही. तिने मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मी म्हणणार नाही.

भानूकाकी पहिली नव्हती. तिच्याआधी अशा सहा सह्या मी घेतल्या आहेत. कोणाला बदलीचा कागद म्हणून, कोणाला सुट्टीचा अर्ज म्हणून. नावं मला पाठ आहेत. दोघं नेऱ्याचे, एकजण उरणचा, बाकीचे इथलेच. एकेकाच्या दारात जाणार आहे. कशावर सही करून घेतली ते सांगणार, माझ्या नावानिशी लिहून देणार. त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकणार. दार लावलं तर कागद उंबऱ्यावर ठेवणार. आणि ज्या तारखेला बोलावतील त्या तारखेला उभी राहून सांगणार, हे कोणी करायला सांगितलं, आणि कोणी केलं.