तीन लाइट बिलं आणि एक रायफल

माझ्या नवऱ्याने बंदुकीच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. बंदूक म्हणजे रायफल, तीही नेमबाजीची, कागदी चकत्यांवर मारायची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहत होतो. तिथल्या हायस्कूलमध्ये बास्केटबॉलची टीम होती तशी रायफलचीही होती, आणि आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीने व्हायोलिन सोडून तिकडे नाव घातलं. मी नागपूरची. तोवर मी बंदूक पाहिली होती ती फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर, आणि ती चालते की नाही याची त्यालाही खात्री नसावी.

मुलगी डावखुरी. शाळेच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. गोळी भरायचा खटका नेमका पलीकडच्या बाजूला, त्यामुळे प्रत्येक गोळीला तिला रायफल खांद्यावरून काढून पुन्हा बसवावी लागायची. तिच्या कोचने मला स्पष्ट सांगितलं, मुलीचा नेम चांगला आहे, पण जानेवारीत टीमच्या ट्रायल्स आहेत, जागा चारच आहेत, आणि या रायफलीवर तिला जागा मिळणं कठीण आहे. मग त्यांनीच एका मासिकातली जाहिरात कापून माझ्या हातात दिली. ओहायोतली एक निवृत्त नेमबाज बाई आपली डाव्या हाताची जुनी रायफल विकत होती.

मी बाईंना फोन केला. त्यांनी किमतीपेक्षा मुलीची उंची आणि हातांची लांबी जास्त वेळ विचारली. सगळं ठरलं. मग म्हणाल्या, "पण मला ती तुमच्या घरी पाठवता येणार नाही हं. तुमचं राज्य वेगळं, माझं वेगळं. तुमच्या जवळचा लायसन्सवाला बंदूक विक्रेता शोधा. त्याने मला त्याच्या लायसन्सची सही केलेली प्रत पाठवायची, मी रायफल त्याच्याकडे पाठवणार, आणि तुम्ही त्याच्या दुकानात फॉर्म भरून ती घ्यायची." स्थळ थेट घरी न येता मध्यस्थामार्फत यावं, तसा हा प्रकार होता.

असा विक्रेता आमच्या घरापासून चार मैलांवर निघाला. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला म्हातारा, कानात ऐकण्याचं यंत्र, घराच्या बेसमेंटमध्ये दुकान. दुसरीकडे घेतलेली रायफल आपल्या दुकानात उतरवून घ्यायची, वहीत नोंदवायची, सांभाळायची, आणि त्याबद्दल किरकोळ फी घ्यायची, एवढ्याला तो फोनवरच तयार झाला. मला नवल वाटलं. आमच्या नागपुरात दुसऱ्याने शिवलेला ब्लाऊज उसवून द्यायलासुद्धा शिंपी नाक मुरडतो.

राहिली सही. नवरा म्हणाला, "दर रविवारी आपण वंदनेला बसतो, पंचशील म्हणतो. पहिलंच शील कोणतं, सांग. जीव घ्यायचा नाही." मुलगी जिन्यातून म्हणाली, "बाबा, आय ओन्ली शूट पेपर." तो हसला, पण हलला नाही. "तुम्हाला घ्यायची तर घ्या. मी अडवत नाही. पण माझं नाव त्यात नको," म्हणाला.

आता हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी स्वतः सही करावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी गावच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, गाडी चालवत होते, वर्षातून दोनदा न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी दुकानांपर्यंत ड्राइव्ह करून डाळी-पिठं आणत होते. पण सही म्हटली की नवऱ्याची, आणि नवऱ्याची नाही तर काकांची, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. काका म्हणजे पुण्याकडचे, साठी ओलांडलेले, वीस वर्षं अमेरिकन नागरिक असलेले आमचे स्नेही. आमच्या भागात जे जे मराठी कुटुंब नवीन आलं, त्याच्या पहिल्या अपार्टमेंटच्या लीजवर, पहिल्या फोनच्या अर्जावर, पहिल्या गाडीच्या लोनवर काकांची सही असायची. आमच्याही कागदांवर होत्या. आमच्यात सही म्हणजे मदत होती, आणि मदत करताना कागदावर काय लिहिलंय ते वाचायची पद्धत नव्हती.

"अगं, त्यात काय," काका म्हणाले. "मी सिटिझन आहे, मी साइन करतो, रायफल तुम्ही घेऊन जा. दोन मिनिटांचं काम."

सप्टेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी दुपारी, मुलीची शाळा सुटल्यावर, आम्ही तिघं त्या बेसमेंटमध्ये उतरलो. दुकानदाराने खोका उघडून रायफल स्वतः दोनदा तपासली, रिकामी असल्याचं आम्हाला दाखवलं आणि मग मुलीच्या हातात दिली. तिने ती खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तशीच उभी राहिली. "आई, इट फिट्स," एवढंच म्हणाली. या देशात एखादी वस्तू तिला न कापता, न आखडता मापात बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुकानदाराने काउंटरवर फॉर्म ठेवला. काकांनी खिशातून पेन काढलं. "रायफल कोणासाठी?" त्याने सहज विचारलं. काका सरळ माणूस. म्हणाले, "हिच्यासाठी. पैसे हिच्या आईने दिलेत. मी फक्त सही करतोय."

दुकानदाराने आपला पंजा फॉर्मवर पालथा ठेवला. मोठा, डागांचा, बस चालवून जाड झालेला पंजा. "मग मी ही देऊ शकत नाही," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. माझा राग तसा नाकावरच असतो, आणि दारात अडवलं गेल्याची आमच्या घराण्याची आठवण फार लांबची नाही. आजोबांना ज्या विहिरीवर जाऊ दिलं नव्हतं ती मी स्वतः पाहिली आहे. मला वाटलं, घ्या, इथेही आलं तेच. मी त्याला तोंडावर विचारलं, "आम्ही गोरे असतो तर विचारलं असतं का तुम्ही, कोणासाठी म्हणून?"

मुलगी कानकोंडी झाली. काका माझ्या हाताला हात लावून "जाऊ दे" म्हणाले. दुकानदाराने फॉर्म उलटा फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. या बंदुकीचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का, असा तो प्रश्न होता.

"हे गृहस्थ इथे हो लिहिणार," तो सावकाश म्हणाला. "ते खोटं आहे. या कागदावरचं खोटं म्हणजे केंद्र सरकारचा गुन्हा. त्यांना तुरुंग होऊ शकतो. तुम्ही कशावर आहात, ग्रीन कार्डवर?"

मी मान हलवली.

"मग तुम्हाला देशाबाहेर काढू शकतात. आणि मुलगी तर इथल्या शाळेत. मला त्यात माझा हात नको."

पुढच्याच वर्षी आम्ही नागरिकत्वाचा अर्ज भरणार होतो. घर, नोकरी, मुलीची शाळा, सगळं मी त्या दोन मिनिटांच्या कामावर ठेवायला निघाले होते, आणि ज्याला मी आत्ताच बोलले होते त्याने ते उचलून बाजूला ठेवलं होतं. त्याला काय, त्याने प्रश्न विचारला नसता तर फी मिळाली असती आणि आम्ही आभार मानून गेलो असतो.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "किती जणांसाठी सह्या केल्या मी," ते माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले. "कशावर करतोय ते कधी कोणी विचारलंच नाही गं."

दुकानदाराने मग मला विचारलं, "पैसे तुमचे आहेत ना? मग खरेदीदार तुम्ही. आईने घेऊन मुलीला भेट द्यायला कायद्याची हरकत नाही. सही तुम्ही करा." ग्रीन कार्डवाल्यांसाठी नियम त्याच वर्षी कडक झाला होता. त्याने आमच्यादेखत सरकारी ऑफिसला फोन लावला, यंत्राचा कान सोडून दुसऱ्या कानाने ऐकत पेन्सिलने लिहून घेतलं. राज्यात तीन महिने राहत असल्याचा पुरावा हवा होता. लीज, नाहीतर तीन महिन्यांची बिलं, माझ्या नावाची.

"घराचे कागद?" त्याने विचारलं.

"नवऱ्याच्या नावावर."

"लाइट बिल? गॅस? फोन?"

तीनही वेळा माझं उत्तर तेच होतं, आणि प्रत्येक वेळी आवाज जरा खाली गेला. सहा वर्षं मी त्या घरात राहत होते. तिथली अर्धी बिलं माझ्या पगारातून जात होती. पण मी तिथे राहते असं सांगणारा एक चिटोरा माझ्याजवळ नव्हता. नवऱ्याने काही हिरावून घेतलं होतं असं नाही. कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही.

"एक बिल नावावर करून घ्या," दुकानदार म्हणाला. "तीन महिन्यांची तीन आणा. तोवर रायफल इथे सुखरूप राहील." त्याने पुठ्ठ्याचं लेबल काढून माझं नाव विचारलं, एकेक अक्षर विचारून लिहिलं आणि ते रायफलीला बांधलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी माझं नाव नको म्हणालो, आणि तुझं नाव तर कुठेच नव्हतं." दुसऱ्या आठवड्यात त्याने वीज कंपनीला फोन लावून माझ्या हातात दिला.

ते तीन महिने मी विसरणार नाही. रायफल दुकानाबाहेर न्यायची नव्हती, पण दुकानात धरायला बंदी नव्हती. दुकानदारानेच सुचवलं, मुलीला दर शनिवारी तासभर आणत जा. त्याने भिंतीवर एक काळा ठिपका चिकटवला. मुलगी रिकामी रायफल खांद्याला लावून त्या ठिपक्यावर नेम धरून उभी राहायची आणि तो घड्याळ लावून बसायचा. श्वास कधी सोडायचा, कोपर कुठे टेकायचं, एवढंच बोलायचा. मी स्टुलावर बसून स्वेटर विणायचे. एकदा पोहे नेले तर त्याने आवडीने खाल्ले आणि कढीपत्त्याची पानं बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवली. या तासांचे पैसे विचारले तर म्हणाला, "शनिवारी मी तसाही इथेच असतो."

ऑक्टोबरचं बिल आलं, नोव्हेंबरचं आलं. माझ्या नावाचं पाकीट पाहून मी ते लगेच फोडलं नाही, थोडा वेळ टेबलावर तसंच ठेवलं. डिसेंबरचं मात्र जानेवारी उजाडला तरी येईना. ट्रायल्स शनिवारी, आणि बुधवारपर्यंत पोस्टाच्या पेटीत फक्त नववर्षाची कार्डं. मुलगी शाळेतून आली की आधी पेटी उघडून बघायची. बर्फाने रस्ते अडले होते, तेव्हा पोस्टमनला तरी काय म्हणायचं. मी मनातल्या मनात सगळ्यांवर चिडत होते.

गुरुवारी दुपारी मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने लावत होते, तर काचेच्या दारापलीकडे नवरा उभा. बुटांना बर्फ, हातात पाकीट. "तिसरं आलं," म्हणाला. ऑफिसमधून अर्धी सुट्टी टाकून, त्या निसरड्या रस्त्यावरून तो आधी घरी, मग माझ्याकडे आला होता. मुलीला शाळेतून घेऊन त्याने आम्हाला दुकानापाशी सोडलं आणि स्वतः गाडीतच बसला. मी आग्रह केला नाही.

दुकानदाराने तिन्ही बिलं काउंटरवर ओळीने मांडली, तारखा पाहिल्या, प्रती काढल्या. मग फॉर्म माझ्यापुढे ठेवला. खरे खरेदीदार तुम्हीच आहात का, हा प्रश्न त्याने मोठ्याने वाचला. मी 'हो' लिहिलं आणि खाली माझी सही केली.

मुलगी रायफलची पेटी उचलून जिना चढून गेली. मी मागे राहिले. "पहिल्या दिवशी मी तुम्हाला फार वाईट बोलले," मी म्हणाले. "माफ करा."

तो बिलं घडी करून मला परत देत होता. "ऐकलं होतं मी," म्हणाला. "पण तुम्ही परत आलात. बरेच जण दुसरं दुकान शोधतात, जिथे विचारत नाहीत."

ट्रायल्समध्ये मुलगी चौथी आली. चारच जागा होत्या, तिला एक पुरली. नवरा मागच्या बाकावर कानात कापूस घालून बसला होता आणि शेवटी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या.

पुढे माझी नागरिकत्वाची मुलाखत झाली. समोरच्या अधिकारी बाई एकेक प्रश्न कोऱ्या आवाजात वाचत होत्या. मध्येच विचारलं, "तुम्ही कधी असा गुन्हा केलाय का, ज्यासाठी पकडल्या गेला नाहीत?" मी "नाही" म्हणाले. त्यांनी खूण करून पान उलटलं. मला मात्र त्या क्षणी बेसमेंटमधला तो काउंटर दिसला आणि फॉर्मवर पालथा पडलेला त्याचा पंजा. माझं 'नाही' खरं होतं ते त्या हातामुळे.