शाळिग्रामाच्या पानातलं मीठ

पुण्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं आणि पहिल्याच सुट्टीत मी हातोडी घेऊन भोरच्या टेकड्या फोडत सुटलो. सगळा काळा कातळ, म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात शंखशिंपल्यांचे जीवाश्म कुठून मिळणार? वैतागून घरी आलो, तर आत्या देवघरात शाळिग्रामाला आंघोळ घालत होती. त्याच्या फुटक्या तोंडातून आत वळत गेलेलं चक्र दिसलं. पुस्तकातल्या अमोनाइटच्या चित्रात होतं, अगदी तेच.

"आत्या, हा समुद्रातला प्राणी आहे. शंखात राहायचा. मेला आणि कोट्यवधी वर्षांत त्याचा दगड झाला."

आता विटाळावरून बोलणी खावी लागणार म्हणून मी जरा मागे सरकलो. आत्याने त्याला शांतपणे पुसलं, गंध लावलं, वर तुळस ठेवली.

"समुद्रातला? नक्की?" एवढंच तिने विचारलं.

दुपारी नैवेद्याचं पान वाढलं. देवाच्या पानात आमच्याकडे मीठ कधीच वाढत नसत. त्या दिवशी उत्रोलीच्या आंबेमोहोर भाताशेजारी चांगलं चमचाभर मीठ होतं.

"इतकी वर्षं बिचाऱ्याला अळणी जेवायला घातलं," आत्या माझ्यावरच डाफरली, "आणि तू हे आत्ता सांगतोस."