रनमेणिके अक्कांचं अस्वल

मुदियान्से अय्यांनी श्रीलंकेतल्या विल्पत्तूच्या जंगलात वाटाड्या म्हणून तीस वर्षं काढली. तेवढ्या काळात त्यांची बायको एकदाही फाटकाच्या आत गेली नव्हती. आमच्या गावात याचं कुणाला नवल नाही. पैसे मोजून जनावरं बघायला परदेशातले लोक येतात, आमच्या परसात हत्ती फुकट येतो आणि केळी मोडून जातो.

मी अकरा वर्षं त्यांच्याबरोबर जीप चालवली; मी त्यांना अय्या म्हणजे थोरला भाऊ म्हणायचो, ते मला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ. माणूस मोठा तिरसट. पाहुणे गाडीत बसता बसता ‘बिबट्या कुठाय?’ म्हणाले की त्यांचं तोंड कडू व्हायचं. त्यांचा जीव अस्वलांवर होता. आषाढाच्या सुमाराला पालूच्या झाडाची पिवळी फळं पिकतात, तेव्हा अस्वलं झाडावर चढून अशी खात बसतात की खाली गाडी आली तरी ढिम्म हलत नाहीत. पण त्यांची वाट बघत गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसणारा पाहुणा अय्यांना तीस वर्षांत भेटला नाही. मग ते घरी जाऊन सगळं अक्कांना सांगायचे. रनमेणिके अक्का अर्धं खरं मानायच्या.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात अक्काच म्हणाल्या, “तुमचं ते अस्वल एकदा दाखवा बघू मला. गुडघे आता पुढच्या वर्षी जीपमध्ये चढू देणार नाहीत.”

अय्या त्या दिवसापासून पोरासारखे झाले. रोज माझ्या कानाशी, “मल्ली, ती पिल्लाची आई बरोबर चारला येते. वळणावरच्या मोठ्या पालूवर. पिल्लू पाठीवर असतं.” मी म्हणालो, “अय्या, कळलं. पाठ झालं मला.”

शेवटच्या दिवशी मी दुसरे पाहुणे घेतलेच नाहीत. अक्का नवी साडी नेसून आल्या, हातात केळीच्या पानात बांधलेला दूधभात. दोघांनी धरून त्यांना वर चढवलं तेव्हा त्या गुडघ्याला शिव्या घालत होत्या. फाटकाच्या आत वडाच्या बुंध्याशी मी गाडी थांबवली. जंगलात शिरताना तिथे देवाच्या नावानं पाल्याची डहाळी लटकवायची आमची रीत. हल्ली कोण थांबतंय? अय्या मात्र रोज थांबायला लावायचे, आणि मागचे ड्रायव्हर भोंगे वाजवायचे. त्या दिवशी डहाळी अक्कांनी लटकवली.

“काय मागितलंस?” अय्यांनी विचारलं.

“तुमचं खोटं पकडलं जाऊ नये म्हणून मागितलं,” अक्का म्हणाल्या.

साडेतीन वाजले होते. पालूचं वळण दहा मिनिटांवर. समोरून सुगत ड्रायव्हरची जीप आली आणि त्यानं खिडकीतून हात काढून बोटं वाकडी करून पंजा दाखवला. आम्हा ड्रायव्हरांची ही खूण. पंजा म्हणजे बिबट्या, आणि दुसऱ्या हातानं दिशा. ती खूण दिसली की वळायचं, विचार नंतर करायचा, नाहीतर पाहुणा संध्याकाळी बक्षिशीच्या वेळी तोंड फिरवतो. अकरा वर्षांची सवय. माझ्या डोक्याच्या आधी हातांनी चाक फिरवलं.

“मल्ली, कुठे?” अय्या म्हणाले.

तोवर मी तळ्याकडच्या वाळूच्या वाटेत शिरलो होतो. एका गाडीपुरती वाट. पुढे वीसेक जीपा, आणि मी थांबेस्तोवर मागे सहा लागल्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी मागच्याला म्हणालो, “बाबा, जरा मागे घे.” तो म्हणाला, “का, तुझ्या पाहुण्यांना बिबट्या नको?” मी म्हणालो, “नको.” तो हसला. मला त्याचा गळा धरावासा वाटला, पण धरायला हवा होता माझाच.

सव्वा तास. धूर, धूळ, एकमेकांवर खेकसणारे ड्रायव्हर. अक्कांनी पदर नाकाला लावला. त्यांना दिसलं ते एवढंच: पुढच्या गाडीत उभ्या राहिलेल्या लोकांच्या पाठी, आणि दूर झुडपात हललेली शेपटी. तीही शेपटी होती की फांदी, देव जाणे. अय्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वाट मोकळी झाल्यावर मी गाडी हाणली. पालूखाली पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. झाड रिकामं. बुंध्यावर नखांचे ताजे ओरखडे, खाली फळांचा सडा, वाळूत मोठी पावलं. लहान पावलं नव्हतीच, पिल्लू पाठीवर होतं. सहाला फाटक बंद होतं, तरी आम्ही जमेल तेवढं थांबलो. कुणी आलं नाही.

मोडलेली एक फांदी वाटेवर लोंबत होती. अय्यांनी गाडीतूनच हात लांब करून चार फळं तोडली आणि अक्कांच्या हातावर ठेवली. “हे बघ, हेच खातं ते.”

अक्कांनी एक खाल्लं. चिकानं ओठ चिकटले, ते पदरानं पुसले. “अस्वलाचं खरं होतं तर,” म्हणाल्या.

“तू बघितलं कुठे?”

“ओरखडे बघितले की.” मग त्यांनी साडीवरची धूळ झटकली. “संध्याकाळी घरी यायचात ते धुळीनं माखलेले, तोंड उतरलेलं. मी म्हणायचे, दिवसभर गाडीत बसून हिंडता, तुम्हाला कसला शीण? आणि जेवण पुढ्यात आपटायचे.”

फाटक बंद व्हायची वेळ झाली, मी गाडी परत वळवली. दूधभात तसाच बांधलेला होता. अक्कांनी पान सोडलं, धुळीनं भरलेल्या सीटवरच पहिला घास अय्यांना दिला आणि म्हणाल्या, “आज बघितलं मी तुमचं जंगल.”

मी पुढे बघत गाडी चालवत राहिलो.