लिपिकीय चूक

परतूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि तो बराबर चालवता येणारी मी एकटीच. मी रजेवर गेले की अडचण होते म्हणून मोठ्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, पासवर्ड कागदावर लिहून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. मी म्हटलं, "सर, असा उघडा नको." ते म्हणाले, "इथं कोण परकं हाय?"

वर्षाखेरीस विद्यापीठाला गेलेल्या यादीत तीन मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण वाढलेले निघाले. प्राध्यापकांच्या वहीत वेगळे आकडे होते. प्राचार्यांनी फक्त मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि पुरावा म्हणून नुसता मॉनिटर उचलून घेऊन गेले.

खालच्या डब्यात, म्हणजे सीपीयूत, फाईल तशीच होती. दुकानातून मागून आणलेला मॉनिटर जोडून मी ती उघडून पाहिली. बदल रविवारी सकाळी अकराला झाला होता, आणि त्या रविवारी मी कुंभार पिंपळगावला बहिणीच्या साखरपुड्यात होते. मला एकदम हलकं वाटलं. मी ठाण्यात धावले.

जमादारांनी ऐकून घेतलं. "बाई, कॉम्प्युटरातली वेळ बदलता येती का?"

"येते."

"तुमच्या ऑफिसात कुणाला येती?"

खोटं बोलणं मला सुचलंच नाही. "मला येते," मी म्हटलं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

पेपरात 'हॅकर तरुणी' असं छापून आलं. त्या ऑफिसात इंटरनेटसुद्धा नव्हतं. आमच्या वस्तीत कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली मुलगी. शेजारच्या बायकांनी आपल्या मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवणं बंद केलं. बाबा गवंडीकाम करायचे. दोन दिवसांनी जेवताना ते म्हणाले, "तुला येतं म्हणून तुझ्यावर आलं. मीच शिकवून चुकलो का गं?" त्यानंतर मी बाहेर पडणंच सोडलं. गेटाची कडी वाजली की मी आतल्या खोलीत जायचे.

तीन महिन्यांनी त्या तीन मुलांमधलाच एकजण स्वतःहून प्राचार्यांकडे गेला. तो मोठ्या बाबूंचा भाचा. "मामांनी केलं. मला झोप लागून न्हाई राह्यली," एवढं बोलून तो रडला. हे मला शिपायाकडून कळलं.

मी कॉलेजात गेले. प्राचार्यांनी पोलिसांना दिलेल्या पत्राची प्रत पुढे केली. गुणांत झालेला बदल ही लिपिकीय चूक असून तक्रार मागे घेत आहोत, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं. मी केलं असं वाटत होतं तोवर तो गुन्हा होता.

"सर, मी केलं नाही, एवढं लिहून द्या."

"आता कशाला उकरायचं? तुमचं लग्न व्हायचंय अजून."

माझ्या खुर्चीवर नवीन ऑपरेटर बसला होता. बाबू शेजारीच होते. त्यांनी मान वर केली नाही. मी जालन्याला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवण्यासाठी अर्ज दिला. चालकांनी माझं नाव वाचलं, परतूर वाचलं आणि विचारलं, "पेपरात आल्त्या त्या तुम्हीच का?"

"हो," मी म्हटलं.

"मंग कळवतो," ते म्हणाले. पुढचे दोन महिने मी रोज पोस्टमनची वाट पाहिली.