दोन पट्ट्यांच्या मधला सूर

ऐन लग्नसराईत अमृतच्या बँडमधला कीबोर्डवाला सुरतेला कामाला निघून गेला. पिंपळनेरात बँड पुष्कळ, पण रिकामा कीबोर्डवाला सापडेना. अमृत दोन दिवस फोन करून थकला आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"दिपा, तूच बस आता गाडीवर."

दिपमाला भाकरी थापत होती. माहेरी नरडाण्याला ती भजनी मंडळात पेटी वाजवायची. तिची बोटं तयार होती, हे अमृतला ठाऊक होतं. पण वरातीच्या गाडीवर, भोंग्यांच्या मधोमध, बाईमाणूस?

"लोक काय म्हणतील?" ती म्हणाली.

"लोक नाचतील. दुसरं काय करतील?"

आणि खरोखर लोक नाचले. दोन-तीन लग्नांतच तिची भीड चेपली. कीबोर्ड तसा मोठा होता, वर्कस्टेशन म्हणतात तो. अमृतने धुळ्याहून जुना आणलेला. त्यात शेकडो तयार टोन होते. नंबर दाबला की सनई, नंबर दाबला की बासरी. पण पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या पाड्यांवर लग्न असलं की मागणी एकच: पावरी. भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडून केलेलं हे वाद्य फुंकलं की म्हातारीचेही पाय हलतात. कीबोर्डात पावरी कुठून असणार? आधीचा वादक सनईचाच टोन खालच्या पट्टीत वाजवून वेळ मारून न्यायचा. दिपमालाही तेच करी.

अशाच एका पाड्यावर, नाच थांबल्यावर, नथ्थू आबा गाडीजवळ आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. साऱ्या पंचक्रोशीत जुने पावरीवाले म्हणून लोक त्यांना मान देत. त्यांनी कीबोर्डाकडे वाकून पाहिलं.

"बेटी, हात तुना गोड शे. पन हाई पावरी नही शे. हाईमा दम कोठे शे?"

रागावून बोलले नव्हते ते. पण घरी येईपर्यंत दिपमालाच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. दम कुठे आहे?

पुढच्या आठवड्यात कीबोर्डाची एक पट्टी अडकली, म्हणून दोघं धुळ्याला शेहजादभाईच्या दुकानात गेले. शेहजाद वाद्यं दुरुस्त करायचा. पट्टी सुटी होईतो दिपमालाने विचारलंच, "भाई, यात पावरी बसवता येईल?"

शेहजाद हसला. "वहिनी, तयार टोन म्हणजे हॉटेलची भाजी. तुम्हाला घरची हवी असेल तर चूल आतच आहे." त्याने एडिटचं बटण दाबून एक कोरा टोन उघडला. पट्टी दाबली तर नुसता कर्कश भोंगा, चक्कीच्या पट्ट्यासारखा. "आता हे कटऑफचं बटण फिरवा. हळू."

तिने फिरवलं. आवाजाची धार बोथट होत गेली, जशी कुणी त्याच्यावर गोधडी टाकावी. उलट फिरवलं, आवाज पुन्हा उघडला. दिपमालाच्या अंगावर काटा आला. आजवर ती सूर वाजवत होती. सूर असा कणकेसारखा मळता येतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं! तिने ते बटण इतक्या वेळा फिरवलं की अमृत म्हणाला, "अगं, तुटेल ते."

मग दुपारी घरातली कामं आटोपली की ती कीबोर्डापुढे. भात करपला, दूध उतू गेलं, शेजारच्या बेबाबाईने भिंतीपलीकडून विचारलं, "काय व, घरमा रेडा बांधा का?" दिपमाला हसून पुन्हा बटणांकडे वळायची. पण पावरी काही येईना. शेवटी ती अमृतच्या मोटारसायकलवर बसून सरळ आबांच्या पाड्यावर गेली.

"आबा, एकच सूर धरा. गाणं नको."

आबांनी गाल फुगवून सूर धरला. डोळे मिटून ती ऐकत राहिली. आणि एकदम ओरडली, "दोन आहेत! अहो, हे दोन सूर आहेत!"

खरंच, एकासारखे वाटणारे दोन सूर एकमेकांना हलकेच ढुसण्या देत होते, म्हणून आवाज थरथरत होता. आणि सुरू होण्याआधी फुंकेची एक खरखर. घरी येऊन तिने कीबोर्डात एका आवाजाशेजारी दुसरा उभा केला आणि त्याला केसभर उतरवला. आवाज थरथरला! तिने मागे वाऱ्याचा आवाज मिसळला, सूर एकदम न उसळता छाती भरल्यासारखा चढेल असं केलं. पट्टी दाबली आणि अमृत अंगणातून आत धावत आला. "आबा आले का?"

आबांच्या नातवाच्या लग्नात ती पावरी पहिल्यांदा वाजली. मांडवापुढे माणसं गोल धरून नाचू लागली. दोन चाली झाल्या आणि आबा घरातून आपली पावरी घेऊन बाहेर आले. गाडीपाशी उभं राहून त्यांनी ती फुंकली.

आणि सगळं बिनसलं. दोन्ही सूर एकमेकांना बोचू लागले. नाचणारे थबकले. दिपमालाने एक पट्टी खाली घेतली, जमेना. वर घेतली, तरी जमेना. आबांचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी बसत होता. हातानं केलेली पावरी ती, तिला पेटीची काळी चार पट्टी कोण विचारणार?

"बंद कर," अमृत कुजबुजला.

"थांबा हो!"

तिने उजव्या हाताने एकच पट्टी दाबून धरली, डाव्या हाताने अख्ख्या कीबोर्डाचा सूर वर सरकवणारी सेटिंग उघडली आणि चकती फिरवू लागली. थोडं वर. आणखी. बोच कमी होत गेली, गेली, आणि एका क्षणी दोन्ही आवाज असे मिसळले की कुठला कोणाचा ते कळेना. ढोलवाल्याने आपणहून थाप दिली. गोल पुन्हा फिरू लागला, आधीपेक्षा जोरात. आबांनी फुंक न सोडता भुवया उंचावल्या. दिपमाला गाडीवर उभी राहूनच वाजवू लागली. बसवतच नव्हतं तिला.

आबा दमले तेव्हा तिने चाल पुढे नेली. ती दमली तेव्हा आबांनी. शेवटी ते गाडीच्या कठड्याला टेकून धापा टाकत म्हणाले, "आते दम शे. पन भटूनी पावरी आयकी का तू? ती येगळीच बोलस."

"कोण भटू?"

"वरना पाडाना. त्यानापाशी भोपळा मोठा शे."

तो हंगाम संपायच्या आत साक्रीचे नि नरडाण्याचे बँडवाले पेनड्राइव्ह घेऊन अमृतच्या दारात येऊ लागले. दिपमाला टोन देते, पण बजावून: "हा नथ्थू आबांचा आहे. दुसऱ्या कोणाबरोबर वाजवाल तर सूर जुळवून घ्या." कारण प्रत्येक पावरीचा सूर निराळा निघतो, आणि तिला त्या सगळ्या हव्या आहेत.

भटूच्या पाड्याकडे तिघं निघाले त्या सकाळी कीबोर्ड गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवला होता. पुढच्या सीटवर आबा आधीच चढून बसले होते आणि अमृतला रस्ता सांगत होते. दिपमाला मागे, एक हात कीबोर्डावर ठेवून बसली होती.

"अहो, जरा हळू चालवा," ती म्हणाली, आणि लगेच, "पण लवकर चला!"