मापाच्या काकू

मापाच्या काकू खिडकी मोजायला आल्या की आधी जमिनीवर बसत. घरातल्या बाईला विचारत, "तू बसती कुठं?" तिनं दाखवलेल्या जागी मांडी घालत आणि तिथून खिडकीकडे नजर टाकत. ऊन कुठवर येतं, बाहेरचं काय दिसतं, रस्त्यावरचा माणूस वाकून बघू लागला तर त्याला काय दिसेल, हे सगळं त्या बसल्या जागेवरून ठरे. वितीनं मोजणं त्यानंतर. ते दोन मिनिटांचं काम.

त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. अंबडला शिंप्यांच्या आळीत त्या एकट्या राहत. नवरा शिंपी होता. तो गेल्यावर मशीन त्यांच्याकडे आलं. पण विधवा बाईकडे सदरे कोण शिवायला टाकणार? त्यांनी पडदे धरले. निजामाचं राज्य होतं. अंमलदारांच्या घरांत बायका परक्या पुरुषासमोर येत नसत, देशमुखांच्या घरांतही नाही. तिथं आतली खिडकी मोजायला शिंपी जाऊ शकत नसे. काकू जात.

मी लग्न होऊन अंबडला आले तेव्हा आमची पुढची खिडकी थेट रस्त्यावर उघडत होती. यजमान मास्तर, दिवसभर शाळेत, आणि येणाजाणाऱ्याची नजर सारखी आत. काकूंना बोलावलं. मी म्हटलं, खिडकीएवढाच पडदा करा.

"खिडकीएवढा करून काय उपयोग, मास्तरीणबाई? वारा आला की उडंल, मंग सगळा रस्ता घरात. खाली वीतभर जास्त घ्यायचा, बाजूला चार-चार बोटं. आन कापड आधी भिजवून वाळव. न्हाई तर पहिल्याच धुण्यात वर चढंल."

उजव्या बाजूनं मोजून झालं, तरी त्यांनी डाव्या बाजूनं पुन्हा मोजलं. दोन बोटांचा फरक निघाला. "मातीची भिंत हाय. सरळ असंल असं धरून चालायचं न्हाई," त्या म्हणाल्या. पडदा त्यांनी दोन बोटं तिरका कापला. लावल्यावर तो अगदी सरळ दिसला.

कचेरीतल्या पेशकारांच्या घरी त्या मला एकदा बरोबर घेऊन गेल्या. पेशकारांची बेगम माझ्याच वयाची होती. मूलबाळ नव्हतं, माहेर लांब हैदराबादेकडे. दिवसभर ती एका खोलीत असे. त्या खोलीची खिडकी जमिनीलगत होती आणि घराचं जोतं उंच, त्यामुळे खाली बसलं की गल्ली दिसे. पेशकारांचा हुकूम होता, पडदे जमिनीपर्यंत हवेत. हिरवं जाड कापड त्यांनीच आणून ठेवलं होतं.

काकू बेगमेच्या बैठकीवर बसल्या. बराच वेळ बसल्या. मग त्यांनी दोन्ही पडदे वीतभर आखूड शिवले. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. आत बसलेल्या बाईला मात्र बांगडीवालीची टोपली, शेळ्या, माणसांचे पाय, एवढं दिसे.

दाराआडून पेशकारांनी विचारलं, "ये छोटे कैसे हुए?"

"नवं कापड हाय, साहेब. आटलं," काकू म्हणाल्या.

मी काकूंकडे बघितलं. कापड भिजवल्याशिवाय त्यांनी कात्री लावलेली मी कधी पाहिली नव्हती. बेगम तोंडाला ओढणी लावून हसत होती. त्यानंतर मी तिच्याकडे तीन-चारदा गेले. ती माझ्यासाठी सुपारी कातरून ठेवी.

पुढं ते वर्ष आलं. उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या गावावर निजामाच्या बाजूच्या टोळीची धाड आली आणि तीत माझा धाकटा भाऊ मारला गेला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. भाकरी करत होते, पाणी भरत होते, कुणी बोललं तर उत्तर देत होते. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

पावसाळ्याच्या अखेरीस फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. पेशकारांना पहिल्याच दिवसांत कुठं नेलं ते कुणाला कळलं नाही. बेगम नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. एका दुपारी जमावानं ते घर रिकामं केलं. संध्याकाळी माझ्या दिरांनी एक गाठोडं आणून माझ्यापुढं टाकलं. "घे, वहिनी. चांगलं कापड आहे." हिरवे पडदे होते. कुणाचे म्हणून मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. आमच्या खिडकीला ते रुंद होत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी काकूंना बोलावलं.

काकू येऊन जमिनीवर बसल्या. मी गाठोडं सोडलं. त्यांनी खालची दुमड उलटून शिवण बघितली.

"हे मीच शिवलेले हायेत."

"हो."

"तुला ठाऊक व्हतं?"

"हो."

"मंग मला कशाला बोलावलं?"

"आमची खिडकी अरुंद आहे. दोन्ही बाजूंनी कापावे लागतील."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझा भाऊ गेला. मला समजतंय, पोरी. पण त्या बाईनं न्हाई मारला त्याला."

त्यांनी पडद्यांच्या घड्या घातल्या आणि गाठोडं बांधून खांद्यावर घेतलं. दीर दारात उभे होते. "काकू, ते कुठं नेताय?"

"जिचे हायेत तिच्याकडं."

दीर हलले नाहीत. काकूही हलल्या नाहीत. ओझ्यानं त्यांचा खांदा खाली आला होता. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सरक बाबा. मला लांब जायचंय." दीर सरकले.

बेगम जालन्यात लांबच्या नातलगांकडे आहे असं कळल्यावर काकू बैलगाडीनं तिकडे गेल्या. महिन्याभरानं परत आल्या त्या फक्त मशीन न्यायला. अंबडमध्ये त्यांच्याबद्दल लोक वाईटसाईट बोलले. घरात कुणी तसं बोलू लागलं की मी उठून आत जाई, इतकंच.

दीड वर्षानं काकूंच्या अंगावरून वारं गेल्याचं कळलं. मी जालन्याला गेले. त्या दोघी राहत त्या खोलीत काकू पडून होत्या, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. बेगम मशीनवर बसून उशीचे अभ्रे शिवत होती. पेशकारांचा ठावठिकाणा अजून लागला नव्हता. तिनं मला लगेच ओळखलं. "आओ मास्तरनी, बैठो."

मला त्या पडद्यांबद्दल एकच गोष्ट कबूल करायची होती. वाटेत ती मी कितीदा तरी मनात म्हणून पाहिली होती. बेगमेनं चहा केला, तो मी प्यायले. माझ्या मुलांचं तिनं विचारलं, ते सांगितलं. तिनं काकूंना कूस बदलून दिली, तोंड पुसलं. काकू डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

निघताना बेगम दारापर्यंत आली. माझा हात धरून म्हणाली, "बीमारी के पहले काकी बोले मेरेकू. घर लुटा तब परदे तुमीच सँभालके रखे, मेरेकू देने के वास्ते."

मी वळून खोलीत बघितलं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

मी हो म्हटलं.